टूल बदलणारा हात

मराठी समीक्षेत यंत्राविषयी बोलले जाते ते बहुधा 'यंत्रयुग', 'यांत्रिकता' अशा भाववाचक नामांनी. मर्ढेकरांच्या कवितेवरील वर्गातल्या टिपणांत हे शब्द इतक्या वेळा येतात, की यंत्र म्हणजे माणसाचे माणूसपण हिरावून घेणारी एक अखंड, निराकार शक्ती आहे असेच विद्यार्थ्याला वाटू लागते. कोणते यंत्र, कोणते काम, कोणाचा हात, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. ते उपस्थित केले तर आपले वाचन अधिक अचूक होईल, असे माझे मत आहे. त्यासाठी एक छोटे आणि साहित्याच्या वर्गाला सर्वस्वी परके वाटेल असे उदाहरण घेतो: संगणक-नियंत्रित लहान मिलिंग यंत्राला स्वयंचलित टूल चेंजर जोडण्याचे.

मिलिंग यंत्रात धातूचा तुकडा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'जॉब', टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि वर फिरणारे टूल त्याला कापत जाते. एका जॉबला अनेक टूल लागतात: सपाटी आणणारा कटर, भोक पाडणारे ड्रिल, आटे पाडणारा टॅप. मोठ्या यंत्रांत ही अदलाबदल यंत्र स्वतःच करते. अमेरिकेतील मिलवॉकीच्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीने अशी सोय असलेले यंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. साध्या लहान यंत्रावर मात्र त्या क्षणी यंत्र थांबते आणि माणूस पुढे होतो. तो पान्याने ड्रॉबार ढिला करतो, टूल उतरवतो, कॉटन वेस्टने स्पिंडलचा टेपर पुसतो, दुसरे टूल बसवून आवळतो आणि बटण दाबतो. यंत्राच्या कामात हाताचा शिरकाव होण्याची ही जवळजवळ शेवटची जागा.

चेंजर बसवायचा म्हणजे ही जागा बुजवायची. ड्रॉबार खेचून धरायला बशीच्या आकाराच्या स्प्रिंगांची चळत, तो सोडायला दाबाखालच्या हवेवर चालणारा सिलिंडर, टूल ठेवायला फिरती चकती, आणि प्रत्येक पायरी पूर्ण झाल्याची खात्री देणारे सेन्सर. कागदावर एवढेच. प्रत्यक्षात जोडणी सुरू झाली की कळते, 'टूल बदलणे' या दोन शब्दांत आपण किती गोष्टी गृहीत धरल्या होत्या. टेपर पुसताना बोटाला धातूचा बारीकसा कीस लागे. तो तसाच राहिला तर टूल तिरके बसते आणि भोक मोठे पडते. आता त्यासाठी हवेचा झोत हवा. टूल नीट आवळले गेले की नाही हे मनगटाला कळे. आता ते सेन्सरने सांगायला हवे. प्रत्येक टूलची लांबी आधी मोजून तक्त्यात लिहून ठेवायला हवी. चकतीच्या ३ क्रमांकाच्या खणात चुकून ४ क्रमांकाचे टूल ठेवले गेले, तर यंत्र हातातल्या टूलवर नव्हे, तक्त्यावर विश्वास ठेवते आणि ते टूल बेधडक जॉबमध्ये घुसवते. उतरवलेल्या ड्रिलची धार माणूस जाता जाता पाहत असे. वेगळे उपकरण बसवल्याखेरीज ती आता कोणीच पाहत नाही.

थोडक्यात, हात काढून घ्यायचा तर हाताला जे ठाऊक होते ते सगळे लिहून काढावे लागते. मला वाटते, साहित्याच्या अभ्यासकाचे कान इथे टवकारले पाहिजेत.

कर्ट व्हॉनेगट हा अमेरिकन कादंबरीकार १९४७ ते १९५१ या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्कनेक्टडी येथील कारखान्यात प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. तिथे पाहिलेल्या एका स्वयंचलित मिलिंग यंत्राने त्याला पहिली कादंबरी सुचली. 'प्लेयर पियानो' १९५२ साली प्रसिद्ध झाली. तीत रूडी हर्ट्झ नावाचा वाकबगार कारागीर आहे. लेथवर चालणाऱ्या त्याच्या हातांच्या हालचाली तरुण अभियंत्यांनी फितीवर टिपून घेतल्या आहेत. पुढे यंत्रे त्या फितीवरून चालतात आणि रूडीची गरज संपते. आपली निवड झाली याचा त्याला मात्र अभिमानच वाटत राहतो. व्हॉनेगटची भीती अशी, की यंत्र हाताची नक्कल करून हात चोरील.

त्याच वर्षी, १९५२ मध्ये, अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अंक-नियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. इतिहास पुढे गेला तो याच वाटेने. हालचाल टिपून घेण्याचे तंत्र मागे पडले आणि हालचाल आकड्यांत लिहून देण्याचे तंत्र टिकले. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात या निवडीमागे तांत्रिक गुणवत्तेइतकीच सत्ताही होती, असे प्रतिपादन केले. टिपून घेण्यात कौशल्य कारागिराकडे राहते. लिहून देण्यात ते कचेरीकडे जाते. विमानाचे वक्र भाग हाताने एकदा घडवून टिपून घेणे सोपे नव्हते, ही तांत्रिक बाजूही खरी आहे. पण नोबल यांचा प्रश्न त्यामुळे बाद होत नाही: लिहिणारा कोण?

माझ्या मते सारे काही याच प्रश्नावर ठरते. प्रोग्राम वरून येतो, कामगाराने फक्त जॉब बांधायचा आणि सोडायचा, अशा कारखान्यात चेंजर हा हाताच्या हकालपट्टीचा शेवटचा टप्पा ठरतो. पण एखाद्या छोट्या शेडमध्ये मालक, ऑपरेटर आणि प्रोग्राम लिहिणारा एकच असतो. लिनक्ससीएनसीसारखी मुक्त प्रणाली वापरून टूल बदलण्याच्या पायऱ्याही तो स्वतः लिहितो. तिथे तोच चेंजर त्याला दिवसभर पाना घेऊन यंत्रापाशी ताटकळण्यातून सोडवतो. लोखंड तेच, स्प्रिंगा त्याच. अर्थ मात्र उलटा. 'यंत्राने माणसाला गुलाम केले' हे वाक्य पहिल्या ठिकाणी अपुरे आहे, दुसऱ्या ठिकाणी खोटे.

दुसऱ्या ठिकाणी काहीच हरवत नाही, असे मात्र नाही. शेजारी उभा राहून शिकणारा मुलगा नेमका टूल बदलण्याच्या त्या खंडातच शिकत असे. यंत्र थांबलेले, उस्तादाच्या हातात ऊन ड्रिल, आणि 'हे बघ, धार कशी गेली' एवढे एक वाक्य. चेंजर बसल्यावर यंत्र थांबत नाही, म्हणून ते वाक्यही उच्चारले जात नाही. ही हानी कोणत्याही तक्त्यात येत नाही. ती नोंदवणे हे साहित्याचे काम आहे.

नारायण सुर्व्यांच्या कवितेने कामगाराला नाव आणि आवाज दिला. त्याच्या हाताला काय ठाऊक असते, हे लिहायचे मराठीत अजून पुष्कळ शिल्लक आहे. आपल्या वर्गांत वर्कशॉपमधून आलेली मुले बसतात. त्यांना 'यांत्रिकता' या शब्दाची व्याख्या पाठ करायला लावण्याआधी, घरी यंत्रावर काय चालते ते लिहून आणायला सांगावे. त्यांनी ते लिहिले नाही तर दुसरे कोणीतरी, दुसऱ्याच हेतूने, लिहून घेईल.