येरमाळ्याची यात्रा आणि पाण्याचे कार्ड: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

यात्रा पार पडली, साथ उद्भवली नाही, हा निर्वाळा आता आम्हाला नको. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीच्या दर्शनाला आणि चुनखडी वेचण्याच्या विधीला लाखो भाविक येरमाळ्यात येतात अन् लगेच आपापल्या गावी परततात. पटकीचा जंतू पोटात गेला की जुलाब लागायला काही तास ते ५ दिवस जातात. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूला बहुधा २ ते ५ दिवस लागतात, विषमज्वराच्या साल्मोनेलाला तर १ ते २ आठवडे. म्हणजे इथे दूषित पाणी प्यायलेला माणूस तापाने फणफणणार तो बार्शीत, केजमध्ये नाहीतर लातूरच्या एखाद्या वस्तीवर. तिथे विडाल चाचणी होईल, जिच्या एकट्या निकालावर विषमज्वर खात्रीने ठरवता येत नाही. रक्ताचे कल्चर झाले नाही, तर जंतू कोणता हेही कळणार नाही, आणि येरमाळ्याच्या नावावर एकही रुग्ण लागणार नाही. गावात ५ वर्षे साथ नाही आणि पाण्याच्या तपासणीचे कार्ड हिरवेच राहिले, तर तुमची व्यवस्था चंदेरी कार्ड देते. यात्रेच्या गावाला हे माप लावणे साफ चूक आहे. रोग इथे लागला तरी मोजला जाणार दुसरीकडे.

शिवाय कार्ड ठरते ते गावच्या पाण्याच्या स्रोतांवरून. यात्रेकरू पितो टँकरचे आणि जारचे पाणी. ते शुद्ध करायला लागते १,००० लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला अवघे २५ ग्रॅम, आणि वाटपाआधी किमान अर्धा तास थांबायचे. पिताना लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे. ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकल्यावर नळीतले पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगहीनच राहिले तर नाही. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. चैत्राच्या उन्हात पोते उघडे पडले की तो जोर उतरतो. म्हणून पावडर टाकली, एवढी नोंद पुरेशी नाही. मोजलेला आकडा हवा.

जारचे पाणी आरओचे, मग त्याची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. जार किंवा नळ अस्वच्छ असला तर पुढे जंतूंना अडवणारे काही राहत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, संशयितांचा आकडा २०० च्या पुढे गेला, अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. त्यानंतर तिथल्या खासगी आरओ प्रकल्पांना टाळे लागले. हातपाय लुळे पडून माणसे व्हेंटिलेटरवर गेल्यावर लावलेले टाळे कोणाच्या कामाचे? क्लोरीनचा वास भाविकांना नकोसा वाटतो, हा आक्षेपही टिकत नाही. प्रमाणात टाकलेले टीसीएल सहन होते, विषमज्वर आतड्याला भोक पाडू शकतो.

येत्या चैत्र पौर्णिमेला प्रत्येक टँकरवर आणि जारविक्रीच्या ठिकाणी ओटीचा निकाल वेळेसह लिहिलेला दिसला पाहिजे. आणि यात्रेनंतर ३ आठवडे धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या चारही जिल्ह्यांत ताप-जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला ‘येरमाळ्याला गेला होतात का?’ हे विचारून उत्तर केसपेपरवर नोंदवण्याचा लेखी आदेश आत्ताच काढा.

येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव