संरक्षित कामगार, असंरक्षित कार्यकर्ता

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘संरक्षित कामगार’ असा एक शब्दप्रयोग होता. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम राहिला. कारखान्यातील कामगारांच्या एक टक्का, परंतु कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १००, इतक्या संघटना-पदाधिकाऱ्यांना हे बिरुद मिळते. तंटा न्यायाधिकरणापुढे असेतोवर न्यायाधिकरणाच्या लेखी परवानगीवाचून मालकाला त्यांना कामावरून काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे संरक्षण नोकरीचे, तेही तंटा चालू असेपर्यंतचे. आणि तेही नोंदणीकृत संघटनेच्या, हजेरीपटावर नाव असलेल्या माणसालाच. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगी यांचे नाव भिलईतील कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हते. हुडको वसाहतीतील घरात ते झोपले असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला.

या खुनाचा विचार बहुधा मारेकऱ्यापासून सुरू होतो आणि न्यायालयाच्या निकालापाशी संपतो. वास्तविक खून हा साखळीतला शेवटचा दुवा होता. त्याआधीचे दुवे दिवसाढवळ्या, सरकारी कागदांच्या साक्षीने जोडले गेले होते आणि त्यांतील कशालाही गुन्हा म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती.

भिलई पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीवर काम केलेला हा माणूस चळवळीपायी कामावरून गेला. पुढे आणीबाणीत तुरुंगात गेला आणि सुटल्यावर दल्ली-राजहराच्या लोहखाणींत कंत्राटी मजुरांमध्ये उभा राहिला. पोलाद कारखाना सरकारी, खाणही सरकारी. पण खनिज फोडणारे स्त्री-पुरुष कंत्राटदाराचे. १९७७ साली त्यांनी इतर मागण्यांबरोबर पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या डागडुजीसाठी बांबू-वाशांचे पैसे मागितले. त्याच वर्षी २ व ३ जूनला नियोगींच्या अटकेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि ११ माणसे मेली. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी काय केले, हे सांगण्यासारखे आहे. त्यांनी रुग्णालय उभारले. १९८३ पासून चालू झालेले दल्ली-राजहराचे शहीद रुग्णालय कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभे राहिले. दारूबंदीची मोहीम याच संघटनेची, आणि खाणीत सरसकट यंत्रे आणून हजारोंना घरी बसवण्याऐवजी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडणारीही हीच संघटना. ‘संघर्ष और निर्माण’ हे तिचे घोषवाक्य होते. असल्या माणसाला प्रशासनाने समाजाच्या शांततेला धोका ठरवावे, ही गोष्ट पुढील सर्व घटनांची किल्ली आहे.

१९९० साली चळवळ भिलईच्या आसपासच्या खाजगी कारखान्यांत शिरली. मागण्या क्रांतीच्या नव्हत्या. कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन, संघटना करण्याचा हक्क. म्हणजे कायद्यात आधीच छापलेल्या गोष्टी. उत्तरादाखल कामगारांना मोठ्या संख्येने कामावरून काढण्यात आले आणि कार्यकर्त्यांवर गुंडांकरवी हल्ले झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये नियोगींना जुन्या खटल्यांत अटक झाली. जामिनावर सुटल्यावर सरकारने त्यांना जिल्ह्यांतून तडीपार करण्याची कारवाई आरंभली. सप्टेंबरात ते कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपतींना निवेदन दिले. दिल्लीहून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा खून झाला. आपल्या जिवावर घाला येणार हे त्यांना ठाऊक होते; दैनंदिनीत आणि ध्वनिफितीत त्यांनी ते नोंदवून ठेवले होते. ज्याला सरकारच हद्दीबाहेर घालवू पाहते, त्याने मला मारणार आहेत असे सांगितले, तर कोणता ठाणेदार ते गंभीरपणे घेणार? तडीपारीची नोटीस हीच त्या माणसाविषयीची सरकारी साक्ष असते. गुंडांना ती वाचता येते.

खटल्याची हकीकत थोडक्यात पुरे. १९९७ साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्याला फाशी आणि दोन उद्योजकांसह इतरांना जन्मठेप सुनावली. १९९८ साली उच्च न्यायालयाने सर्वांनाच सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि उरलेल्यांची सुटका कायम केली. ती माणसे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत आणि तसेच मानले पाहिजे. परंतु मग पुढचा प्रश्न तपासयंत्रणेला विचारावाच लागतो. भाडोत्री माणूस कोणाच्या तरी पैशाने येतो. ते पैसे कोणाचे, याचे उत्तर न्यायालयात टिकेल अशा रीतीने राज्यसंस्थेला देता आले नाही. दरम्यान १ जुलै १९९२ रोजी त्याच मागण्यांसाठी भिलईत रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १६ कामगार ठार झाले. त्या दिवशी एक पोलीस अधिकारीही मृत्युमुखी पडला.

महाराष्ट्राने हे दुसऱ्यांचे दुःख म्हणून वाचू नये. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत पवईत आपल्या घराजवळ गोळ्यांना बळी पडले. कटाचा आरोप असलेल्या टोळीप्रमुखाची २०२३ साली विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी मुक्तता केली. येथेही साखळी मागे मागे जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सामंतांच्या मागे संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेला होता. तो अधिकार सभासद-नोंदणीवर ठरत असे, गुप्त मतदानावर नव्हे. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास त्याच्याशी बोलणी करायची नाहीत, आणि ज्याच्याशी बोलणी करायची त्याच्यावर विश्वास नाही, अशी ही व्यवस्था. कायद्याचे दार असे बंद झाले की माणसे रस्त्यावर बळ अजमावतात आणि रस्त्यावरच्या बळाचा व्यापार करणारे टोळीवाले मग दोन्ही बाजूंना हवेसे होतात. संघटनांच्या आपसांतील मारामाऱ्यांना मुंबईने कमी पाहिलेले नाही. सामंतांच्या संघटनांवरही तसे आरोप झाले होते. १९७० साली लालबागेत आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, तेव्हा हल्लेखोर मालकाच्या बंगल्यातून आलेले नव्हते. चळवळीने आपल्या हातांकडेही पाहावे, हे सांगणे कटू असले तरी टाळता येत नाही. मात्र त्याचा आधार घेऊन सगळ्याच हिंसेला ‘कामगारांची आपसांतील भांडणे’ म्हणून फाईल बंद करण्याची जी पोलिसी सवय आहे, तिला त्यामुळे मुळीच मान्यता मिळत नाही.

संरक्षण म्हटले की बंदूकधारी शिपाई डोळ्यांसमोर येतो. कार्यकर्त्याच्या दारात शिपाई उभा केला की बस्तीतली माणसे रात्री त्याच्याकडे यायची थांबतात. जिवाची राखण होते पण कामाचा जीव जातो. म्हणून राखण फार आधीपासून सुरू व्हायला हवी. फाटकावर पत्रके वाटणाऱ्या अनाम कामगाराला मारहाण होते, तेव्हाच तिची नोंद किरकोळ भांडण म्हणून न होता संघटना-स्वातंत्र्यावरील हल्ला म्हणून झाली पाहिजे, आणि ठेकेदाराचे व मालकाचे जबाब त्याच आठवड्यात घेतले गेले पाहिजेत. तडीपारीचे शस्त्र संघटनेच्या कामासाठी वापरता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हटले पाहिजे. संघटनेची मान्यता गुप्त मतदानाने ठरली पाहिजे. १९१९ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सदस्य असलेल्या भारताने संघटना-स्वातंत्र्याचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार अद्याप स्वीकारलेला नाही. सरकारी नोकरांच्या सेवानियमांची अडचण हे त्याचे कारण वर्षानुवर्षे सांगितले जाते. सरकारी कारकुनाच्या नियमांपायी भिलईच्या कंत्राटी मजुराने का थांबावे, हे कोणी सांगत नाही.

आणि साक्षीदार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. जिवाला असलेल्या धोक्याच्या श्रेणी, पहारा, प्रसंगी नवी ओळख, हे सर्व तीत आहे. परंतु मालकाविरुद्ध साक्ष देणाऱ्या कंत्राटी मजुराला पहिला धोका वेगळाच असतो. दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला फाटकातून आत घेत नाही, आणि त्यासाठी कोणाला कारणही द्यावे लागत नाही. ‘संरक्षित’ हा शब्द एक टक्क्यापुरता न राहता अशा साक्षीदारापर्यंत पोचवण्यासाठी संहितेत एका कलमाची भर पुरेल.