बाणावर कोणता शब्द लिहायचा?

सिंदखेडराजा, जिजाऊ, लखुजी जाधवराव, शहाजीराजे, मलिक अंबर ही नावे बुलडाणा जिल्ह्यातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला नवी नाहीत. अवघड असतो तो त्यांचा परस्परसंबंध. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत सासरे लखुजी मुघलांकडून, तर जावई शहाजी निजामशाहीकडून का लढले? १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारातच लखुजींची हत्या का झाली? गाईडमधला परिच्छेद ‘तसेच’, ‘त्यानंतर’ एवढ्यावर वेळ मारून नेतो. परीक्षेत गुण मिळतात, पण कार्यकारणभाव हाती लागत नाही. ही उणीव उघडी पाडणारे साधन म्हणून संकल्पना नकाशाला आपल्या महाविद्यालयांत जागा हवी.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडले गेले तरच टिकते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार तिच्या मुळाशी आहे. दोन संकल्पना चौकटीत लिहून बाणाने जोडायच्या आणि बाणावर त्यांचे नाते सांगणारा शब्द लिहायचा. मानव्यविद्यांत सारे मोल या शब्दाला आहे. लखुजी आणि निजामशाही यांच्यामधल्या बाणावर एक जण ‘सेवक’ लिहील, दुसरा ‘फितूर’, तिसरा ‘वतनासाठी चाकरी बदलणारा’. प्रत्येक शब्द हा एक दावा आहे आणि त्याला पुरावा मागता येतो. वर्गातली खरी चर्चा तिथून सुरू होते.

यावरचा वजनदार आक्षेप संशोधनातूनच आला आहे. कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की, पुस्तक समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी सरस ठरतात. मात्र याच दोघांनी २०१४ मध्ये नकाशाही आठवणीतून काढून घेतला, तेव्हा तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. हे प्रयोग विज्ञानविषयक मजकुरावर झाले होते, हे मान्य. तरीही पुस्तक मिटवूनच नकाशा काढायचा, हा धडा इतिहासाच्या वर्गालाही लागू पडतो. दुसरा आक्षेप असा की, चौकटींत बसवलेल्या इतिहासातून काळाचा ओघ आणि माणसांची द्विधा निसटते. तो खराच आहे. म्हणून नकाशा हे उत्तर मानू नये, निबंधाआधीचा आराखडा मानावा. भरलेल्या वर्गात इतके नकाशे तपासायचे कोणी, हा प्रश्नही रास्त आहे. पण सगळे तपासण्याची गरज नाही. पाच-सहा जणांच्या गटाने एक नकाशा काढावा आणि प्रत्येकाने त्यातल्या एका बाणाचे पुराव्यानिशी समर्थन करावे.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने अंतर्गत मूल्यमापनातले थोडे गुण या समर्थनाला द्यावेत. त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना संगणक. गुण चित्राच्या सुबकतेला मात्र देऊ नयेत. तसे केले तर बाजारात तयार नकाशांचे गाईड यायला वेळ लागणार नाही.