कान ठणठणीत आहेत!

परवा बाबांचा पुण्याहून फोन. "अरे, मला बहुतेक कमी ऐकू यायला लागलंय." हेडफोन लावूनही नातीचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो म्हणे.

इथून, स्टुटगार्टहून, तासभर खटपट केली. शेवटी बाबांनी डबा उघडून, टॉर्च मारून वायरीवरची अक्षरं वाचली: एसी९७. मदरबोर्ड नवा, एचडी ऑडिओवाला, कॅबिनेट जुनं. त्या जुन्या वायरीत जॅक ओळखण्याची सोयच नसते. त्यामुळे पुढे हेडफोन खोचलाय हे बोर्डाला कळेचना. आवाज मागच्या हिरव्या जॅकमधून टेबलाखालच्या स्पीकरला, आणि बाबांच्या कानांवर मुका हेडफोन!

ड्रायव्हरमध्ये पुढच्या पॅनेलची जॅक-ओळख बंद करायची एक चौकट असते. तिच्यावर टिक केली, संपलं.

मंडळी, 'यूजरला कळत नाही' हे आम्हा इंजिनियरांचं लाडकं वाक्य. अहो, पीसी ९९ नियमावलीने रंग ठरवून दिले: हिरव्यात स्पीकर, गुलाबीत माइक, निळ्यात लाइन-इन. बाबांनी ते पाठ केले. २००४ साली इंटेलचा एचडी ऑडिओ आला आणि कुठल्या जॅकने काय करायचं ते सॉफ्टवेअर ठरवू लागलं. सोय आहे, मान्य. पण ओळख पटली नाही तर गप्प बसायचं, हे कुठलं डिझाइन? दोन्हीकडे आवाज सोडा ना! स्पीकर जास्तीचा वाजला तर माणूस तो बंद करेल. हेडफोन मुका राहिला तर तो स्वतःच्या कानांवर संशय घेतो.

बाबांनी कानाच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. ती रद्द केली.