घर गुंठ्यात, सांडपाणी कुठे?

साताऱ्यात किंवा सांगलीत प्लॉट बघायला गेलेला माणूस चार प्रश्न हमखास विचारतो. एनए झाला आहे का, सातबाऱ्यावर नाव लागेल का, रस्ता किती फुटी, पाण्याची सोय काय? पाणी कुठून येणार हे सगळेच विचारतात. वापरलेले पाणी कुठे जाणार हे विचारणारा क्वचितच भेटतो. त्याची किंमत पुढे कावीळ, टायफॉइड आणि जुलाबाच्या रूपाने घरातल्यांनाच मोजावी लागते.

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे पाच जणांच्या घरातून रोज ५४० लिटर आणि चाळीस घरांच्या कॉलनीतून २१,६०० लिटर. दोन मोठे टँकर भरतील इतके. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी भुयारी गटार नसते. मग प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि तिच्या शेजारी शोषखड्डा.

सेप्टिक टाकी मैला शुद्ध करते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. टाकीत गाळ खाली बसतो आणि काही प्रमाणात कुजतो, एवढेच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू जिवंत असतात. ते पाणी शोषखड्ड्यातून सावकाश मुरले, तर माती त्याला गाळून घेते. खरी गाळणी ही माती. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घोडे इथेच पेंड खाते.

सांगलीच्या शामरावनगरसारख्या भागात काळी, चिकण जमीन आहे. ही माती भिजली की फुगते, तिच्यातली छिद्रे बुजतात आणि पाणी मुरणे जवळपास थांबते. पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो आणि टाकीतले पाणी रस्त्यावर येते. साताऱ्यात डोंगरउतारावर उलटी गत. तिथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि भेगाळलेला काळा कातळ. पाणी भेगांतून न गाळता खाली उतरते आणि उतारावरच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये निघते. एक जमीन पाणी घेत नाही, दुसरी गाळत नाही.

आता अंतर मोजू. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. कातळ भेगाळलेला असेल तर त्याहूनही जास्त. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्याचे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम १४ मीटर भरते. म्हणजे एका गुंठ्यात घर, बोअर आणि शोषखड्डा नियमाप्रमाणे बसूच शकत नाहीत. आपला खड्डा सांभाळला, तरी शेजाऱ्याचा आपल्या बोअरला खेटून असतो. बोअरचे केसिंग वरच्या थरापुरतेही नीट बसवले नसेल, तर काम तमाम. हेपटायटिस ई ही कावीळ अशाच पाण्यातून पसरते आणि गर्भवतीच्या जिवावर बेतू शकते.

पुरात हा प्रश्न घराघरात शिरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी बुडालेल्या प्रत्येक टाकीतला मैला पुराच्या पाण्यात मिसळतो. ओसरल्यावर चिखल दिसतो, जंतू दिसत नाहीत.

गुंठ्यात घर बांधणारा माणूस चैन करत नसतो. मार्केट यार्डातला हमाल, एसटीचा चालक, निवृत्त शिपाई यांना शहरातला फ्लॅट परवडत नाही, म्हणून ते इथे येतात. त्यांना बेकायदा ठरवून प्रश्न सुटणार नाही. गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. साताऱ्याच्या हद्दवाढीत शाहूपुरीसारखी उपनगरे २०२० मध्ये पालिकेत आली. कागद नियमित झाले, हद्दही वाढली. पण शिक्का मारल्याने १४ मीटरचे १८ मीटर होत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे. नव्या लेआउटला मंजुरी देताना रस्ता आणि मोकळ्या जागेइतकीच सामाईक सांडपाणी प्रक्रियेची जागा सक्तीची करा. ती नसेल, तर प्लॉट विकायला परवानगी नको. जिथे घरे झाली आहेत, तिथे नियमितीकरणाच्या शुल्कातून आधी भुयारी गटार घाला, डांबर नंतर. ते होईपर्यंत पालिकेने किंवा ग्रामपंचायतीने दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसून घ्यावी आणि तो मैला प्रक्रिया केंद्रातच न्यावा. आज गाडी कोणत्या ओढ्यात रिकामी होते, हे कोणी पाहते का?

तोवर घरच्या घरी करण्यासारखेही आहे. बोअरचे पाणी दिसायला काचेसारखे असले तरी उकळूनच प्या आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तपासून घ्या. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. क्युलेक्स डास तिथेच वाढतात. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, म्हणून पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करा.

आणि पुढच्या वेळी प्लॉट बघायला जाल, तेव्हा पाचवा प्रश्न विचारा: सांडपाणी कुठे जाणार? विकणाऱ्याने ओढ्याकडे बोट दाखवले, तर तो ओढा पुढे कोणाच्या विहिरीजवळून जातो तेही विचारा.