भुकेला त्यागाचं नाव देऊ नका

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. राष्ट्रीय गणित दिन म्हणून तो शाळा-कॉलेजांतून साजरा होतो आणि दरवर्षी कुठे ना कुठे तेच ते भाषण ठोकलं जातं. यंदा ते मला पुढच्या रांगेत बसून ऐकावं लागलं. वक्ते नामवंत, आवाज खणखणीत, समोर दहावी-बारावीची मुलं. सांगणं असं की, कुंभकोणमच्या या गरीब मुलानं अन्नाचा त्याग केला, संसारसुखाचा केला, मायभूमीचा केला, शेवटी प्राणांचाही केला. म्हणून तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. तुम्हाला हातातला मोबाइल सोडवत नाही, तुम्ही काय होणार? ज्याला यश हवं त्यानं सुख सोडावं, आणि जो सुख सोडतो त्यालाच खरं सुख मिळतं. टाळ्या पडल्या. मुलांच्या आयांनीही वाजवल्या, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मला या मांडणीचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ती उपाशी मुलाला सांगते की तुझी उपासमार हीच तुझी पात्रता आहे, आणि पोट भरलेल्याला सांगते की तू कुणाचं काही देणं लागत नाहीस.

आधी अन्नाचं. रामानुजन यांनी अन्नाचा त्याग केला नव्हता. त्यांना अन्न पुरेसं मिळत नव्हतं. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिन्याला वीस रुपयांच्या आसपास. आई कोमलताम्माळ देवळात भजनं म्हणून चार पैसे मिळवायच्या, घरात कॉलेजची मुलं राहायला-जेवायला ठेवायच्या. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं ते घर आजही उभं आहे. रस्त्याच्या टोकाला देवळाचं गोपुर, आणि घर बेताचं, पुढे रस्त्याला लागून ओटा. त्या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन हा मुलगा बसायचा. लिहायचं, कोपरानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. उत्तर हाती आलं की तेवढंच वहीत उतरवायचं. फडकं उचलण्याइतकाही वेळ घालवायचा नाही, म्हणून कोपर काळवंडलेलं. कागद का वापरत नाहीस, असं एका मित्रानं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की जेवणाचीच पंचाईत आहे, कागदाला पैसे कुठून आणू? मला महिन्याला चार रिमं लागतील. वैराग्य आलेला माणूस असं बोलत नाही. चार रिमं लागतील हा हिशेब ज्यानं करून ठेवलाय, त्याला कागद हवा होता.

आणि त्या पाटीची किंमत गणितानं मोजली. मधल्या पायऱ्या कोपरानं पुसल्या गेल्या, वह्यांत राहिली ती बहुतेक नुसती उत्तरं. ज्या पुस्तकावर त्यांचा पिंड पोसला त्या कार यांच्या सूत्रसंग्रहाची धाटणीही तशीच त्रोटक होती, हे खरं. पण कागद असता तर पायऱ्या वाचल्या असत्या. त्या वह्यांतल्या एकेका विधानाची सिद्धता लावायला ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाला पाच खंड लिहावे लागले, १९८५ ते १९९८ पर्यंत. व्यासपीठावरून ज्या पाटीला हार घातला जातो, ती पाटी नसती तर हे काम किती हलकं झालं असतं!

पुढचं बघा. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश. गणित सोडून बाकीच्या विषयांकडे लक्ष नाही, इंग्रजीत नापास, शिष्यवृत्ती गेली. सत्राची फी ३२ रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. मुलगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. मग मद्रास, पुन्हा कॉलेज, पुन्हा नापास. १९१०मध्ये वह्या काखोटीला मारून ते इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. मागणी काय होती? कारकुनाची नोकरी. त्यांच्यामुळे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांची गाठ पडली आणि महिना २५ रुपये सुरू झाले. १९१२मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. ते रात्री या हाताखालच्या कारकुनाबरोबर पाटी घेऊन बसत.

जानेवारी १९१३मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेलं पहिलं पत्र सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्यात सूत्रं आहेत. दुसरं पत्र फेब्रुवारीतलं, त्याच्याविषयी भाषणांत कुणी बोलत नाही. त्यात रामानुजन लिहितात की मी आताच अर्धपोटी आहे, मेंदू शाबूत ठेवायला मला अन्न पाहिजे आणि ती माझी पहिली निकड आहे. तुम्ही चार शब्द सहानुभूतीचे लिहिलेत तर मला इथं विद्यापीठाची किंवा सरकारची शिष्यवृत्ती मिळायला मदत होईल. आपल्या प्रतिभेला काय लागतं हे खुद्द त्या प्रतिभावंतानं इतक्या स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलंय. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी कुणी उठून मुलांना सांगतो की उपवासानं प्रतिभा फुलते! हार्डींचे शब्द आले, मद्रास विद्यापीठानं मे १९१३पासून महिना ७५ रुपये दिले, पुढच्या वर्षी वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवलं. केंब्रिजच्या पाच वर्षांत वीसेक निबंध छापून झाले, तेही महायुद्ध आणि आजारपण अंगावर घेऊन.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि त्या सभेत प्रश्न विचारल्यावर वक्ते म्हणालेच, की वह्या तर उपासमारीच्या वर्षांतच भरल्या. भरल्या, नाकारत नाही. पण त्या वर्षांचा निवाडा हार्डींनी देऊन ठेवला आहे, आणि हार्डींइतकं जवळून ते काम कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या मते रामानुजन तरुण वयात गेले ही खरी शोकांतिका नव्हेच. अठराव्या ते पंचविसाव्या वर्षामधली, गणितज्ञाच्या आयुष्यात सर्वांत मोलाची वर्षं मार्गदर्शनावाचून वाया गेली, ही शोकांतिका. युरोपात आधीच सिद्ध झालेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी एकट्यानं पुन्हा शोधल्या. एका पुस्तकाच्या आधारावर कुणी शंभर वर्षांचं गणित पुन्हा उभं करतो तेव्हा मी थक्क होतो. पण त्यात त्याचा गेलेला काळ बघून हळहळतोही. दोन्ही एकदम व्हायला हवं.

कुंभकोणमचंच उदाहरण हवं असेल तर दुसरंही आहे, आणि ते मराठी घरातलं आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातल्या या गावात १८२८ साली टी. माधवराव जन्मले. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण. मुलगा खाऊनपिऊन, मद्रासला नीट शिकून त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. सयाजीरावांच्या अल्पवयात बडोद्याचा कारभार त्यानंच सावरला. त्याच्या पोटभर जेवणानं त्याच्या कर्तृत्वात काय कमी पडलं?

हा वाद माझा जुना आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांशी यावरून माझं भांडण झालं होतं. त्यांना वारावर जेवून शिकलेल्या पिढीचा विशेषांक काढायचा होता आणि सगळे लेख त्या मुलांच्या जिद्दीवर हवे होते. मी म्हटलं, वार लावून जेवणाऱ्या मुलाची जिद्द मोठी खरीच; पण आठवड्यातून सात घरांत त्याच्यासाठी पान मांडलं जात होतं, म्हणून तो शिकला. त्या सात घरांतल्या बायका, ज्या आपल्या पोरांच्या घासातला घास काढून परक्याला वाढत होत्या, त्यांच्यावर एक लेख घ्या. आणि ही पानं ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच मांडली जात होती, हेही छापा. ज्यांच्यासाठी कुणी पान मांडलं नाही अशांची भूक काही कमी नव्हती. त्यांतले किती जण शिकले असते, त्याचा विशेषांक कोण काढणार? विशेषांक निघाला, माझा लेख निघाला नाही.

मायभूमीचा त्याग म्हणाल तर तो निर्णय मात्र रामानुजन यांचा स्वतःचा होता. समुद्र ओलांडला की जात बाहेर टाकणार हे माहीत असून ते गेले, शेंडी कापून गेले. त्याला मी त्याग म्हणायला तयार आहे. प्राणांचा त्याग? तो रोग होता. त्यांच्या आजाराची कागदपत्रं तपासून एका ब्रिटिश अभ्यासकांनी १९९४मध्ये असं मत मांडलं की तो यकृताचा अमिबाजन्य विकार असावा, आणि त्यावर त्या काळीही उपचार होते. चुकलेल्या निदानाला बलिदान म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आता संसारसुख. इथं मला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्या भाषणात ज्यांचं नावसुद्धा आलं नाही त्यांनीच सगळं भोगलं. रामानुजन यांच्या पत्नी जानकीअम्मा. त्यांचं लग्न १९०९ साली झालं तेव्हा त्या दहा वर्षांच्या. मद्रासला नांदायला आल्या १९१२मध्ये; १९१४च्या मार्चमध्ये नवरा बोटीवर चढला. पाच वर्षं पत्रं यायची-जायची ती सासूबाईंच्या हातून, आणि पुष्कळशी मधेच अडवली गेली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९१९मध्ये नवरा परत आला तो खंगलेला. त्या वर्षभर त्यांनी भात, ताक, लिंबाचं सरबत वेळच्या वेळी दिलं. पाय आणि छाती शेकायला पाणी तापवलं. ज्या दोन भांड्यांत पाणी तापवत होत्या ती त्यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवली होती. २६ एप्रिल १९२० रोजी, एकविसाव्या वर्षी, त्या विधवा झाल्या. मग मुंबईत भावाकडे राहिल्या, तिथं शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्यावर पोट भरलं. विद्यापीठाचं निवृत्तिवेतन महिना वीस रुपये. १९९४पर्यंत जगल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं वैधव्य! त्यातलं एक वर्ष तरी त्यांना विचारून त्यांच्या पदरात टाकलं होतं का? ज्याचं त्यानं सोडलं तर तो त्याग. दुसऱ्याचं आयुष्य परस्पर खर्ची घालायचं आणि वर त्याला त्याग म्हणायचं, हे चालणार नाही. आणि हे जुनं नाही. भावाच्या क्लासच्या फीसाठी बहिणीचं कॉलेज थांबवणाऱ्या घरांत आजही हाच शब्द वापरला जातो.

उरलं सुख. ज्या १९१८ साली रॉयल सोसायटीची फेलोशिप आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप दोन्ही मिळाल्या, त्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर रामानुजन यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. थोडक्यात वाचले. घरची पत्रं नाहीत, जेवणाचे हाल, दुखणं, एकटेपण. सुख सोडणाऱ्याला सुख मिळतं हे वाक्य ज्याला उच्चारायचं असेल त्यानं आधी हे वर्ष नीट वाचावं.

मग त्याग नकोच का? हवा. पण ज्याच्याजवळ आहे त्यानं, आपल्या मर्जीनं, दुसऱ्याच्या कामासाठी सोडलेलं मला मोलाचं वाटतं. रामचंद्र रावांचे २५ रुपये, नारायण अय्यरांच्या रात्री. आणि खुद्द रामानुजन यांचं एक पत्र. जानेवारी १९१९, मुक्काम लंडनमधलं पटनी, प्रकृती ढासळलेली. मद्रास विद्यापीठानं वर्षाला २५० पौंड मंजूर केले होते. त्यांनी कळवलं की ही रक्कम माझ्या गरजेपेक्षा बरीच जास्त आहे. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, माझा आवश्यक खर्च भागवावा, आणि उरलेल्यातून गरीब व पोरक्या मुलांची शाळेची फी कमी करावी, शाळांना पुस्तकं द्यावीत. पोटाला मिळाल्यावर माणसानं पहिला विचार केला तो फीचा. ३२ रुपये न विसरलेला माणूस आहे हा.

जानकीअम्मांनीही पुढे मैत्रिणीच्या पोरक्या झालेल्या मुलाला आपल्या घरी आणलं, शिवणाच्या कमाईतून वाढवलं, शिकवलं. तो निर्णय त्यांचा होता.

आज वसतिगृहातल्या मुलांना मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरावे लागतात आणि शिष्यवृत्ती कित्येकदा परीक्षा होऊन गेल्यावर खात्यात पडते. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी ती वेळेवर मिळावी म्हणून शब्द टाकावा. १९१३ साली मद्रासमध्ये असाच शब्द टाकला गेला होता आणि तो कामाला आला.