चौकटीबाहेरच्या हास्याचा कैवार

चित्रकथा ही वाङ्मयाची एक गंभीर शाखा आहे हे लोकांच्या गळी उतरविण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला, त्यांच्याच पंक्तीतील काही जाणते वाचक आता एक निराळी फिर्याद घेऊन उभे राहिले आहेत. दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रकथामालेत मुख्य कथानक थांबताच शेवटच्या पानांवर, आणि क्वचित कथानकाच्या ऐन मध्यावर, ज्या छोट्या विनोदी चित्रपट्ट्या येतात, ज्यांत पात्रे आपण कागदावरची पात्रे आहोत हे ओळखून थेट वाचकाकडे वळतात, आपल्या निर्मात्याशी हुज्जत घालतात आणि नुकत्याच घडून गेलेल्या हृदयद्रावक प्रसंगाचीही टर उडवितात, त्या पट्ट्या म्हणजे रसभंग आहे, भरताड आहे आणि लेखकाची आत्मप्रौढी आहे, असे या मंडळींचे तीन आरोप असून, कृतीच्या प्रतिष्ठित आवृत्तीतून ही पाने बेलाशक गाळावीत अशी त्यांची मागणी आहे. हे तिन्ही आरोप मला अमान्य आहेत. आणि मागणी तर इतकी घातक वाटते की तिच्याविरुद्ध सविस्तर कैफियत मांडणे मी कर्तव्य समजतो.

वाद हवेत राहू नये म्हणून एक नामांकित प्रकरण पुढे घेतो. हिरोमू अराकावा या जपानी चित्रकथाकर्त्रीची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही कथामाला 'शोनेन गंगान' मासिकात 2001 ते 2010 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिची 108 प्रकरणे 27 खंडांत ग्रथित झाली. एडवर्ड आणि आल्फोन्स एल्रिक हे दोन किमयागार भाऊ मृत आईला परत आणण्याचा निषिद्ध प्रयोग करतात. त्या अपराधाचे मोल म्हणून थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचे सारे शरीर जाते, आणि धाकट्याचा आत्मा निदान एका पोकळ चिलखतात बांधून ठेवता यावा म्हणून थोरला आपला हातही देऊन टाकतो. पुढे या कथेत एका संपूर्ण जमातीचा राज्ययंत्रणेने केलेला संहार येतो, आणि त्या संहाराचे हुकूम अमलात आणणारी माणसे आपल्या पापाचा हिशेब कसा करतात याची चौकशी येते. अशा कथेच्या प्रत्येक खंडाच्या अखेरीस चार चौकटींच्या विनोदी पट्ट्या आहेत. तेथे एडवर्डच्या बुटकेपणाची यथेच्छ थट्टा होते, गंभीर प्रसंगांना भलतेच शेवट मिळतात, आणि स्वतः अराकावाबाई चष्मा लावलेल्या गाईच्या रूपाने वावरतात.

पहिला आरोप रसभंगाचा. आणि तो करणाऱ्यांच्या पाठीशी शास्त्राधार आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत, आणि हास्य व करुण हे परस्परविरोधी रस होत असा निर्वाळा उत्तरकालीन आलंकारिकांनी दिला आहे. परंतु शास्त्राचा दाखला अर्धाच वाचून भागत नाही. विरोधी रस एकत्र येऊच नयेत असे आनंदवर्धन म्हणत नाही. ते कोणत्या अटींवर एकत्र नांदू शकतात हे तो 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात सांगतो. विरोध दोन कारणांनी उत्पन्न होतो: दोन्ही रसांचा आश्रय एकच असेल तर, किंवा एकामागोमाग दुसरा कोणत्याही व्यवधानावाचून आला तर. आश्रय निराळा केला, किंवा मध्ये तिसऱ्या रसाची योजना केली, की विरोध मावळतो. 'नागानंद' नाटकात शृंगार आणि शांत यांच्या दरम्यान अद्भुत योजिला आहे हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. आता या कसोटीवर अराकावाबाईंच्या पट्ट्या पारखून पाहाव्यात. चौथ्या खंडात ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याची हत्या होते. त्याच्या दफनविधीच्या वेळी त्याची चिमुरडी मुलगी बाबांना मातीत का पुरता, त्यांना अजून कामे आहेत, म्हणून आक्रोश करते, आणि विधी आटोपल्यावर त्याचा जिवलग मित्र मस्टँग निरभ्र आकाशाखाली उभा राहून पाऊस पडत असल्याचे सांगतो व त्या निमित्ताने आपले अश्रू झाकतो. या प्रसंगात हास्याची एक रेघही शिरू दिलेली नाही. पट्ट्या येतात त्या प्रकरण पूर्ण झाल्यावर, निराळ्या पानावर, निराळ्या आकाराच्या चौकटींत आणि बदललेल्या रेखाशैलीत. व्यवधान झाले. शिवाय शोकाचा आश्रय कथेतील मस्टँग हा आहे, तर हास्याचा आश्रय, त्या भूमिकेतून उतरून निर्मात्याच्या अंगणात आलेला, केवळ त्याच नावाचा एक नट आहे. आश्रयभेदही झाला. ज्या शास्त्राच्या बळावर फिर्याद गुदरली, त्याच शास्त्राने ती खारीज होते.

याहून मूलभूत प्रश्न असा की, पात्रे वाचकाकडे वळली की जी भिंत मोडल्याचा एवढा गवगवा होतो ती भिंत मुळात बांधली कोणी? रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक भिंत आहे असे नटाने कल्पावे, ही सूचना दीदरोने 1758 साली फ्रान्समध्ये केली आणि एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी रंगभूमीने तिला नियमाची प्रतिष्ठा दिली. ज्या परंपरेत 'शाकुंतला'चा सूत्रधार नटीच्या गाण्याने भुलून कोणते नाटक करावयाचे हेच विसरतो, आणि त्या विसरण्याचाच धागा धरून हरिणामागे ओढल्या गेलेल्या दुष्यंताला रंगमंचावर आणतो, त्या परंपरेतील वाचकाने या भिंतीला निसर्गसिद्ध समजावे हे मला उमगत नाही. आपल्या संगीत रंगभूमीवर प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला की नट ऐन शोकाचे पदही पुन्हा म्हणत असे, आणि तरीही त्याच प्रेक्षकांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नसे. तन्मयता म्हणजे फसगत नव्हे. समोर दिसते ते कोणीतरी रचलेले आहे ही जाणीव मनाच्या एका कप्प्यात जागी असतानाच माणूस कल्पित दुःखाने रडतो, आणि कलेच्या दुःखाला शुद्धता येते ती त्या जाणिवेमुळेच.

भरताडीचा आरोप थोडक्यात निकालात निघतो. पुस्तक फर्म्यांच्या हिशेबाने छापले जाते, कथा त्या हिशेबात बरोबर बसत नाही आणि काही पाने कोरी उरतात. मासिकात ज्या जागी जाहिरात होती ती जागा खंडात मोकळी पडते. या मोकळ्या जागेत जपानी लेखकांनी वाचकाशी गप्पा सुरू केल्या, हे खरे आहे. परंतु एखाद्या प्रथेचे मूळ छापखान्याच्या गरजेत सापडले म्हणून तिचे फळ निःसत्त्व ठरत नाही. आठवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरीव पानांत प्रकरण संपविण्याच्या सक्तीतून क्रमशः कथेचे सारे शिल्प घडले. त्या शिल्पाची वाहवा करणाऱ्यांनी त्याच छापखान्यातून निघालेल्या दुसऱ्या वस्तूला उपरी ठरविणे न्यायाला धरून नाही.

आत्मप्रौढीविषयी. अराकावाबाई होक्काइदोतील दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढल्या, शिक्षणानंतर सात वर्षे त्यांनी शेतावर राबून काढली, आणि स्वतःचे चित्र काढताना त्यांनी गाय निवडली. यात प्रौढी कोठे आहे? लाखो वाचकांसमोर आपला चेहरा न दाखविता आपल्या श्रमाची खूण तेवढी दाखविणारी ही प्रतिमा मला नम्रतेची वाटते. त्यांच्या कथेतील संहाराला होक्काइदोच्या आयनू लोकांच्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. इतके जड ओझे ज्या हाताने उचलले तो हात कोणाचा, कोणत्या मातीतला, हे वाचकाला ठाऊक असणे कथेच्या प्रामाणिकपणाला पोषकच आहे.

आता मंडनाकडे वळतो. कारण या पट्ट्या निरुपद्रवी आहेत एवढेच सिद्ध करून थांबणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे होय. अराकावाबाईंच्या खंडांत शेवटी एक लहानसे चित्र असते: त्या खंडात ज्या पात्रांचा अंत झाला ती पात्रे पंख लावून स्वर्गाकडे निघाली आहेत. आक्षेपकांच्या मते ही मृतांची विटंबना आहे. मला मात्र या पानाइतके समग्र कथेच्या गाभ्याशी एकजीव झालेले दुसरे पान दिसत नाही. या कथेचा अढळ नियम कोणता? गेलेला माणूस कोणत्याही किमयेने, कोणत्याही मोबदल्यावर परत येत नाही. दोन कोवळी मुले या नियमाविरुद्ध उभी राहिली आणि अपंग झाली. आता पाहा की, जिच्या लेखणीत कोणालाही उठवून बसविण्याचे सामर्थ्य आहे, ती निर्माती कथेच्या कक्षेबाहेर, जेथे तिला अडविणारा कोणीही नाही, तेथे काय करते? ती मृतांना हसतमुखाने निरोप देते. एल्रिक बंधूंना जे साधले नाही ते ती आपल्या वाचकांना खंडामागून खंड शिकविते, आणि तेही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता. नऊ वर्षे जो वाचक, बहुधा कुमारवयातला, या पात्रांच्या संगतीत वाढला, त्याच्या पहिल्यावहिल्या वियोगदुःखाशी याहून हळुवारपणे वागता आले असते असे मला वाटत नाही. ते पान फाडून काढा, आणि ह्यूजच्या मृत्यूनंतर त्या वाचकाच्या हाती पुस्तकाचा पुठ्ठा तेवढा उरेल.

सर्वच उदाहरणे इतकी निर्दोष नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. ओसामू तेझुका (1928–1989) हा या प्रथेचा फार मोठा पुरस्कर्ता. त्याचा विनोद खंडाच्या शेवटची वाट पाहत नाही. बहिणीच्या रेखाटनातून उचललेला हिओतान्त्सुगी नावाचा, ठिगळे लावलेल्या भोपळ्याच्या अंगाचा आणि डुकराच्या नाकाचा एक प्राणी तो कथेच्या ऐन तणावात मध्येच उगवू देतो, आणि स्वतःही पात्र होऊन चौकटीत शिरतो. 'ब्लॅक जॅक'मध्ये, रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न पुढे असताना, हा प्राणी मला काही ठिकाणी खटकतो. तेथे व्यवधान नाही आणि आनंदवर्धनाची अट मोडते. परंतु हा त्या त्या स्थळाचा दोष आहे, जातीचा नव्हे. त्याची झडती स्थळ धरूनच घेतली पाहिजे.

तेझुकाच्या 'बुद्ध' या 1972 ते 1983 या काळात रचलेल्या प्रचंड चित्रकथेविषयी मात्र आपल्याकडील वाचकाचे मन दुखावणे अधिक स्वाभाविक आहे. 1956 साली नागपुरात ज्यांच्या घराण्यांनी बुद्धाला शरण जाऊन माणूसपण परत मिळविले, त्यांच्या श्रद्धेच्या पुरुषाच्या चरित्रात आधुनिक युगाचे उल्लेख आणि थट्टामस्करी यावी, ही हरकत मी हलकी मानीत नाही. तिला उत्तर देताना मी अजिंठ्याचा दाखला देईन. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्व करुणेने खाली पाहत उभा आहे, आणि त्याच दालनाच्या छतावर खुजे, गमतीदार गण आणि मद्यपान करणारे परदेशी पाहुणे रंगविलेले आहेत. ज्या भिक्षूंसाठी ते लेणे खोदले गेले त्यांना या शेजाराचा विटाळ वाटला नाही. मात्र चित्रकाराने गणांना छत दिले आणि बोधिसत्त्वाला भिंत दिली, हा विवेकही नजरेआड करता येत नाही. तेझुकाने जेथे हा विवेक पाळला तेथे त्याचा विनोद सिद्धार्थाच्या दुःखाला माणसांत आणून बसवितो. जेथे पाळला नाही तेथे वाचकाने त्याला खुशाल जाब विचारावा. परंतु जाब विचारण्यासाठीसुद्धा ते पान पुस्तकात शाबूत असावे लागते, आणि म्हणूनच आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाला त्यावर कात्री चालविण्याचा अधिकार मी देत नाही.